एक मिनिट कोरं

१

बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकाची सुरुवात एक मिनिट काहीही न करण्यानं होत असे. वाचणाऱ्यानं ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून बाहेर यायचं, पंखा बंद करायचा, गादीसारखं जाड दार ओढून घ्यायचं, आणि काचेपलीकडे बसलेल्या कानसेननं यंत्र चालू करून रिकाम्या खोलीची शांतता भरून घ्यायची. या मिनिटाला तो ‘कोरं’ म्हणायचा. “बाई, बाहेर या, कोरं घेतो,” असं तो म्हणाला की वाचनबाई हातातलं पुस्तक टेबलावर ठेवत आणि बाहेर येऊन साठ सेकंद घसा खाकरून घेत.

हे कोरं लागायचं ठिगळं लावायला. वाचताना खोकला येतो, खुर्ची करकरते, जेवणाची वेळ झाली की पोट बोलायला लागतं. तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. पण कापलेल्या जागी नुसती पोकळी ठेवली तर ऐकणारा दचकतो. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं होतं. म्हणून त्या जागी त्याच खोलीची शांतता लावायची. डोळसांना हे सांगूनही पटत नाही, पण ग्रंथालयाचे सभासद सगळे अंध होते आणि त्यांच्या कानांना फसवणं सोपं नव्हतं.

वाचनबाई तीस वर्षं त्यांच्यासाठी पुस्तकं वाचत होत्या. बागकामापासून इतिहासापर्यंत, समोर येईल ते. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. कानसेनचंही तसंच. दोन खोल्या पलीकडे कोणी चपला बदलल्या तरी हा इथे बसून सांगायचा, म्हणून हे नाव पडलं आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

त्या वर्षी सभासदांनी मतं देऊन जी कादंबरी निवडली ती नऊशे पानांची भयकादंबरी होती. एका गल्लीतली चाळीस मुलं, चाळीस प्रकरणं, प्रत्येक मुलाची एक भीती. कोणाला अर्धवट उघड्या कपाटाची, कोणाला जिन्याखालच्या जागेची, कोणाला आई बाजारातून परत येईपर्यंतच्या वेळाची. ठोकळा पाहूनच बाईंनी तो कानसेनकडे परत सरकवला. “हे दुसऱ्या कोणाला द्या ना,” त्या म्हणाल्या. “मला असलं वाचायला आवडत नाही.”

“घाबरता की काय?” कानसेननं विचारलं.

“घाबरत नाही, म्हणूनच नको म्हणते,” बाई म्हणाल्या, आणि त्याचा अर्थ काय हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसरं कोणी मोकळं नव्हतं. सोमवारी दहा वाजता कोरं घेतलं आणि काम सुरू झालं. एरवी कानसेन रोज नवं कोरं घ्यायचा. नऊशे पानं पाहून त्यालाही कंटाळा आला असावा. “एकदा घेतलंय तेच पुस्तकभर वापरू,” तो म्हणाला. “शांतता काय शिळी होते?”

२

दिवसाला एक प्रकरण व्हायचं. आठवड्याची पाच प्रकरणं एका सीडीवर भरून सभासदांना जायची, आणि मंगळवारी दुपारी त्यांचे फोन यायचे. हे फोन बाई स्वतः घेत. लोक पुस्तकावर बोलतात, पण त्यात आपल्यासाठीही दोन शब्द असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिला फोन शिंपीकाकांचा. पस्तिशीपर्यंत त्यांनी दुकान चालवलं होतं, मग दृष्टी गेली. “बाई, लेखकानं कापड फार घेतलंय हो,” ते म्हणाले. “सदऱ्याचं माप दिलं तर यानं तंबू शिवला. कपाट उघडं आहे हे सांगायला सहा पानं? माझ्या हातात असतं तर निम्मं छाटलं असतं.” आणि पुढची सीडी कधी येणार हेही त्यांनी लगेच विचारून घेतलं.

मग गाणंबाईंचा. या गाण्याच्या निवृत्त शिक्षिका, दिसेनासं होऊन चार वर्षं झालेली. त्या नुसत्या हरखल्या होत्या. “काल मी कपाटाचं दार तीनदा चाचपून पाहिलं. या वयात! सून हसली मला. पण काय लिहिलंय, आणि काय वाचलंय तुम्ही!”

तिसरा फोन कॉलेजातल्या मुलीचा. ही जन्मापासून अंध. तिचा सूर वेगळाच होता. “बाई, ही मुलं अंधाराला का घाबरतात? मला काही कळतच नाही. दिवे गेले तरी सगळं जागच्या जागीच असतं ना? मी तर ठिकठिकाणी हसले.”

बाईंनाही हसू आलं. “मग तुला लहानपणी कशाची भीती वाटायची?”

“खोलीत कोणीतरी असायचं आणि बोलायचं नाही, त्याची,” ती चटकन म्हणाली. “तुमच्याबरोबर ते बसतं ना, तसं. ते कोण असतं?”

“माझ्याबरोबर कोणी नसतं गं. मी एकटीच असते खोलीत.”

“नाही, मधेमधे. तुम्ही थांबता तेव्हा.” मुलगी जरा गोंधळली. “दाराजवळ. खाली बसलेलं असतं. मला वाटलं कोणाचं तरी मूल येत असेल ऑफिसात.”

बाईंनी गाणंबाईंना उलट फोन लावला आणि आडून आडून विचारलं. “ते होय!” गाणंबाई म्हणाल्या. “मला वाटलं ती तुमची युक्ती आहे. शांततेत कोणाला तरी बसवलंय. फार सुरेख जमलंय हं.” शिंपीकाकांना विचारलं तर त्यांनी आधी आवाज खाली आणला. मग म्हणाले, “मी म्हणणार होतो, पण म्हटलं, म्हातारा भ्रमला म्हणाल. आहे खरं कोणीतरी.”

३

“तिघंही एकमेकांना ओळखतात,” बाई कानसेनला म्हणाल्या. “एकानं पिल्लू सोडलं, दोघांनी उचललं. भुताखेताचं पुस्तक आहे, कानाला तेच ऐकू येणार.”

हे बोलताना त्यांना बरं वाटत होतं. गोष्ट सरळ होती आणि ती सरळ सांगता येत होती. त्यांनी कानाला हेडफोन लावले, कानसेननं मूळचं कोरं लावलं. मिनिटभर बारीक सरसर ऐकू आली, दूरच्या नळासारखी. बाकी काही नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच.

“काही आहे?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. त्या खरंच तसं म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. फक्त हेडफोन काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मिनिटभर आपण श्वास हळू घेत होतो. कोणी झोपलं असलं की आपण जसं पाऊल हळू टाकतो तसं.

कानसेनला मात्र चैन पडेना. त्याच्या कानावर कोणी शंका घ्यावी हे त्याला झोंबलं होतं. त्यानं मागच्या वर्षीच्या बागकामाच्या पुस्तकाचं कोरं काढलं आणि दोन्ही आलटून पालटून ऐकू लागला.

“खोलीत माणूस असला की खोली थोडी बुजते,” शेवटी तो सावकाश म्हणाला. “अंग, कपडे, केस, हे सगळं आवाज पितं. बागकामाचं कोरं आहे ना, ते रिकाम्या खोलीचं आहे. हे तसं नाही.”

“म्हणजे मी आत होते?”

“तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, बाई. घसा खाकरत होतात.” त्यानं हेडफोन टेबलावर ठेवले. “आणि तुमच्याएवढं नाहीच ते. एवढंसं आहे.”

त्यानं हात जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढा वर धरला, मग आपलं आपल्यालाच ओशाळल्यासारखं होऊन तो खाली घेतला. बाईंनी काचेतून आतल्या खोलीकडे पाहिलं. हिरवं कापड घातलेलं टेबल, एक खुर्ची, पाण्याचा पेला, भिंतींना लावलेले जाड पडदे. लपायला तिथे मांजरालाही जागा नव्हती.

४

बाईंच्या घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. आईचं वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली, तेव्हा बाईंनी तिला ग्रंथालयाचं सभासद करून घेतलं. आयुष्यभर जिनं लेकीचं वाचन कधी कान देऊन ऐकलं नव्हतं, ती आता रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तेच ऐकायची आणि चुका काढायची. “हे घाईत उरकलंस,” म्हणायची. “इथे घशात कफ होता.” बाईंना राग यायचा आणि बरंही वाटायचं.

या कादंबरीची सीडी तिनं दहा मिनिटं ऐकली असेल नसेल. “बंद कर ते.”

“का गं? आवडली नाही?”

“डोकं दुखतंय.” त्यानंतर तिनं ती सीडी घरात कुठे ठेवलीय एवढं विचारून घेतलं आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटात ठेवायला सांगितली.

आईला ती जुनी गोष्ट आठवली, हे बाई समजून चुकल्या. समजून त्यांना जुनाच राग आला, जो पन्नास वर्षं त्यांनी गिळला होता.

त्या सात वर्षांच्या होत्या तेव्हा जेवणाच्या टेबलाशी बसून मोठ्यानं धडा वाचायच्या. टेबलावरचा कपडा जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबायचा. आणि त्या वाचायला लागल्या की टेबलाखाली कोणीतरी येऊन बसायचं. दिसायचं नाही, बाईंनी कधी वाकून पाहिलंच नाही, कारण पाहायची गरज वाटली नाही. ते ऐकतंय एवढं कळायचं. त्या चुकल्या की तेही थबकायचं. गोष्ट रंगली की तेही पुढे सरकायचं. भीती म्हणाल तर तिळभर नव्हती. वर्गातल्या बाईंपेक्षा, बाबांपेक्षा, कोणाहीपेक्षा ते जास्त मन लावून ऐकायचं, म्हणून त्या शाळेचे धडे संपल्यावरही वाचत बसायच्या.

एक दिवस त्यांनी हे आईला सहज सांगितलं. आईनं त्यांना अशी थोबाडीत मारली की गालावर दोन दिवस वळ होते. त्याआधी तिनं कधी हात उगारला नव्हता आणि नंतरही कधी उगारला नाही. “पुन्हा असं खोटं बोललीस तर याद राख,” ती म्हणाली. आठवड्याभरात टेबल गेलं. वर्षाच्या आत घर बदललं. पाहुण्यांमध्ये विषय निघाला तर आई हसत म्हणायची, “आमची लहानपणी फार थापा मारायची.” आणि ते लेबल चिकटलं ते चिकटलंच. आजही बाई बाजारातून आले म्हणाल्या तर आई पिशवी चाचपून बघायची.

बाईंना दुसऱ्या कशाचा हट्ट नव्हता. लग्न जमलं नाही, त्याचं दुःख करायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. पण आपण खोटं बोललो नव्हतो, हे आईनं एकदा, मरायच्या आधी एकदा तरी म्हणावं, एवढं त्यांना हवं होतं. आणि गंमत अशी की मधल्या वर्षांत त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता. सात वर्षांची पोर, काय सांगावं? मारली असेल थाप.

५

पुढचे आठवडे फोनवर पुस्तक कमी आणि ‘ते’ जास्त असं होऊ लागलं. शंभरेक सभासद होते, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एका मालिशवाल्यानं सीडी परत पाठवली, पाकिटावर दोरा गुंडाळून गाठी मारून. एका टेलिफोन ऑपरेटरनं सांगितलं की मला कादंबरी नको, मधल्या शांतताच तेवढ्या एकत्र करून मिळतील का? एका गृहस्थांना काहीच ऐकू आलं नव्हतं आणि आपल्यालाच का नाही म्हणून ते रुसून बसले होते. शिंपीकाका म्हणाले, “बाई, मला दृष्टी होती तेव्हाही मी अंधाराला भ्यायचो. माझ्या घरात हे नको.” पण सीडी त्यांनी परत केली नाही.

गाणंबाईंचा आवाज उतरला होता. “मी चाळीस वर्षं गायले हो,” त्या म्हणाल्या. “समोर माणसं बसायची, माना डोलवायची. पण असं कोणी ऐकलं नाही. असं ऐकणारं एक जरी मिळालं असतं, तर मी कुठल्या कुठे गेले असते.” आणि फोनवरच त्या रडू लागल्या.

कॉलेजातल्या मुलीनं विसाव्या प्रकरणानंतर वेगळंच सांगितलं. “ते पुढे सरकतंय, बाई.”

“कोण?”

“पहिल्या प्रकरणात दाराशी होतं. दहाव्यात भिंतीकडे. आता टेबलाखाली आलंय.” तिच्या बोलण्यात भीती नव्हती. मोठ्या माणसाबद्दल अदबीनं बोलावं तसं ती बोलत होती. “तुम्ही स्वतः ऐकलंत का? डोळे मिटून नका ऐकू. डोळे आहेत हेच विसरून ऐका.”

पुढे सरकणं शक्यच नव्हतं. ठिगळं सगळी एकाच मिनिटाची होती. कानसेननं पहिल्या आणि विसाव्या प्रकरणातली ठिगळं पडद्यावर एकाखाली एक लावली. रेषेला रेष जुळली. शिंप्यानं एकाच ताग्यातून फाडलेल्या दोन पट्ट्या. त्यांत बाळाच्या केसाएवढाही फरक नव्हता.

“मग सरकतंय काय?” कानसेन म्हणाला. घाम पुसून त्यानं पुन्हा विचारलं, “बाई, सरकतंय काय?”

बाईंनी हेडफोन लावले. विसावं प्रकरण. त्यांचाच आवाज एक वाक्य संपवून थांबला, आणि त्या थांबण्यात त्यांनी मुलीनं सांगितलं तसं केलं. काचेवर, पडद्यांवर, आपल्या हातांवर नजर होती, ती सोडून दिली.

आवाज असा काही नव्हताच. खोली भरलेली होती, एवढंच. आपण गोष्ट सांगत असताना ऐन मोक्याच्या जागी थांबावं आणि समोरच्यानं श्वास घ्यायचं विसरून आपल्या तोंडाकडे पाहावं, तसं काहीतरी त्यांच्या गुडघ्याशी होतं. ते खूप जुनं होतं. खूप लहानही होतं. आणि त्याचं सगळंच्या सगळं ध्यान बाईंकडे लागलेलं होतं. त्या ध्यानापुढे बाईंना एकदम आपलं वय, आपला आवाज, आपलं तीस वर्षांचं काम, सगळं इवलंसं वाटलं. अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच वेळी हात जोडावेसे वाटले.

त्यांनी हेडफोन काढले तेव्हा कानसेन त्यांच्याकडेच पाहत होता.

“नवं कोरं घेऊन बघू,” तो म्हणाला. त्यानं दार लावून नवं मिनिट भरलं, ऐकलं, आणि पुसून टाकलं. त्या दिवसापासून पाण्याचा पेला आत नेऊन ठेवायचं कामही तो बाईंवरच सोडू लागला.

६

मधे एक दिवस सुट्टीत गेल्यानं आठ आठवड्यांत एकोणचाळीस प्रकरणं झाली. शुक्रवारी कानसेन म्हणाला, “शेवटचं राहू दे, बाई. साहेबांना सांगू, पानं गहाळ झाली.” बाईंनी पुस्तक मिटलं. त्या चारलाच घरी आल्या. आई गॅलरीत नुसतीच बसली होती.

बाईंनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. फोन, कोरं, पडद्यावरच्या रेषा, सगळं. बोलणं संपल्यावर बाई वाट पाहत राहिल्या, की आता आई म्हणणार, पुन्हा सुरू झालं का तुझं?

“कुठवर आलंय?” आईनं विचारलं.

बाईंना क्षणभर कळलंच नाही. “गुडघ्याशी,” त्या म्हणाल्या.

आईनं मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी. “तेव्हाही तिथेच बसायचं.”

खालच्या रस्त्यावरून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली.

“तू पाहिलं होतंस?” बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. 

“केर काढत होते. तू वाचत होतीस. टेबलाखाली झाडू घालायला कपडा वर केला.” आई थांबली. “ते तुझ्याकडे तोंड करून बसलं होतं. मी झाडू आत घातला, तरी वळून पाहिलं नाही. झाडू लागला असेल त्याला. तरी नाही. एवढं ऐकत होतं ते तुला.”

“कसं होतं?”

“ते नको विचारूस. मला सांगता येत नाही. डोळे गेले तरी तेवढं अजून दिसतं.”

“आणि तरी तू मला मारलंस.” बाई उठून उभ्या राहिल्या. “खोटारडी म्हणालीस. सगळ्यांच्या देखत. पन्नास वर्षं! अगं, माझा माझ्यावर विश्वास राहिला नाही, आई.”

“तू येऊन सांगितलंस ते हसत हसत सांगितलंस,” आई म्हणाली. “माझ्या हातापायातलं बळ गेलं होतं, आणि तुला भीतीच वाटत नव्हती. त्याच्यापेक्षा मला तुझी भीती वाटली. वाटलं, ही त्याच्याबरोबर निघून जाईल, आणि मागे वळूनही बघणार नाही. म्हणून मारलं. म्हटलं, निदान मला तरी भी.”

बाईंना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलं नाही. राग होता, सुटका होती, आणि या दोन्हींच्या खाली काहीतरी थरथरत होतं. म्हणजे होतं. म्हणजे आपण खरं बोललो होतो, आणि ते आपल्याला शोधत किंवा आपली वाट पाहत पन्नास वर्षं कुठेतरी थांबलं होतं.

“शेवटचं प्रकरण कधी?” आईनं विचारलं.

“सोमवारी.”

“मला ने.”

७

सोमवारी दहा वाजता ऊन चांगलं तापलं होतं. बाईंनी आईचा हात धरून तिला पायऱ्या चढवल्या. कानसेननं खुर्ची आणून दिली, पण उंबरठ्यापाशीच. तिथून ती बाईंनीच आत ओढून टेबलाच्या कडेला लावली.

“आजी, खोकला आला तर हात वर करा,” कानसेन म्हणाला. त्याला आणखी काही म्हणायचं होतं. पण तो दार लावून निघून गेला.

दार लागलं की त्या खोलीत बाहेरचं जग संपायचं. पंखा बंद. काचेपलीकडे कानसेननं बोट वर केलं. बाईंनी वाचायला सुरुवात केली.

चाळीसावं मूल म्हणजे गल्लीतली सगळ्यात धाकटी मुलगी. तिला कशाचीच भीती वाटत नव्हती, आणि म्हणून गल्लीतले सगळे तिला भीत होते. लेखकानं इथे मात्र कापड वाया घालवलं नव्हतं. वाक्यं छोटी होत गेली होती. बाईंच्या आवाजालाही त्या दिवशी वेगळीच लय सापडली होती. तीस वर्षांत त्यांनी इतकं चांगलं कधी वाचलं नव्हतं आणि हे वाचतानाच त्यांना कळत होतं. आई ताठ बसून ऐकत होती.

सहाव्या पानावर बाईंना कळलं की खोली भरली आहे. त्यांनी वाचन थांबवलं नाही. पाय मात्र हळूच मागे घेतले, जागा करून द्यावी तसे.

अकरावं पान संपलं. पान उलटताना थांबायचं असतं, नाहीतर कागदाची सळसळ शब्दांवर येते. बाई थांबल्या. पान उलटून सपाट केलं, आणि डोळे वर उचलले तर आई कडेला वाकलेली.

तिचा उजवा हात टेबलाच्या काठाखाली गेला होता. चाचपडत नव्हता. सरळ खाली गेला, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर अधांतरी थांबला. बोटं पसरलेली, तळवा किंचित गोलावलेला. मग तो हात पुढून मागे सरकला, सावकाश. पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे गेला. तळव्याखाली बाईंना हिरव्या कापडाची कड आणि फरशी दिसत होती, दुसरं काही नाही. पण आईच्या बोटांची टोकं, काहीतरी घट्ट असल्यावर होतात तशी, दाबानं पांढरी पडली होती.

वाकून पाहावं, एवढंच राहिलं होतं. मान दोन वीत खाली घातली असती तर पुरे होतं. बाईंनी ती घातली नाही. त्यांना भीती वाटली नाही. ऐकणाऱ्याकडे असं रोखून पाहू नये एवढंच वाटलं. काचेपलीकडे कानसेन उभा राहिला होता आणि त्याचे दोन्ही हात यंत्रापासून दूर, छातीशी होते.

आईचे ओठ हलले. आवाज बारीक होता, पण त्या खोलीत काहीच हरवत नाही.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

आपल्याला म्हणाली की त्याला, हे बाईंना कळलं नाही. आईची मान खाली होती, तिच्या डोळ्यांवरून काही समजायची सोय नव्हती, आणि हात अजून त्या जागी तसाच फिरत होता. बाईंच्या डोळ्यांपुढच्या ओळी पाण्यात बुडाल्या. हा तुकडा कापून तिथे कोरं लावायचं नाही, असं कानसेनला सांगायचं त्यांनी ठरवलं. मग पदरानं डोळे पुसले, बोट ठेवून ओळ शोधली, आणि थांबून राहिलेल्या त्या दोघांसाठी त्या पुढचं वाचू लागल्या.